स्पर्धा, कूपन आणि फँटसी टीम : गावात बक्षीस ठेवण्याआधी कुणाची परवानगी घ्यायची

दिवाळी उरकते, कापसाचा पहिला-दुसरा वेचा घरात येतो आणि विदर्भात गावोगावी मैदानं आखायला सुरुवात होते. टेनिस बॉल क्रिकेट, रात्रीची कबड्डी, खंजेरी भजन स्पर्धा, भंडारा-गोंदियाकडे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. चौकातल्या फ्लेक्सवर बक्षिसांचे आकडे झळकतात. अलीकडे त्याच फ्लेक्सवर खाली आणखी दोन गोष्टी दिसू लागल्या आहेत. एक म्हणजे 'शंभर रुपयांचं कूपन, पहिलं बक्षीस मोटारसायकल'. दुसरी म्हणजे क्यूआर कोड आणि त्याखाली 'आपली टीम लावा, रोख जिंका'. मग मंडळाची पोरं विचारायला येतात, "भाऊ, याचं लायसन कोठून काढाचं?"

तालुक्याच्या ठिकाणी मंडळांचे अर्ज लिहून देणं, ठरावांची भाषा नीट करून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कायद्यासोबत कचेरीतली वाटही सांगतो. आधीच एक सांगून ठेवतो. काही गोष्टींना परवानगी लागते आणि ती मिळते. काही गोष्टींना लागतच नाही. आणि काही गोष्टींना ती कुठल्याच कचेरीत मिळत नाही, कितीही खेटे घातले तरी. आपली स्पर्धा यातल्या कुठल्या खान्यात बसते हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी तीन प्रश्न विचारा

फ्लेक्स छापायला टाकण्यापूर्वी मंडळाने बसून तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. भाग घेणाऱ्याकडून पैसे घेतो का? त्याबदल्यात बक्षीस देतो का? आणि बक्षीस कुणाला हे कशावर ठरतं, कसबावर की नशिबावर?

पैसे घेतले, बक्षीस ठेवलं आणि निकाल नशिबावर सोडला, की कायद्याच्या नजरेत ती लॉटरी किंवा जुगार झाला. मग त्याला 'भाग्यवान सोडत' म्हणा, 'मदतनिधी कूपन' म्हणा, नाहीतर मंदिराच्या जीर्णोद्धाराचं नाव द्या. यातली एक गोष्ट खरोखर काढून टाकली की चित्र पालटतं. पैसे काढले तर ती फुकट सोडत झाली. नशीब काढलं तर ती कसबाची स्पर्धा झाली. बक्षीस काढलं तर नुसती वर्गणी उरली. पुढचं सगळं मार्गदर्शन या तीन प्रश्नांवरच उभं आहे.

एक मोठा अपवाद मात्र आहे, मोबाईलवरचा खेळ. तिथे २०२५ पासून तिसऱ्या प्रश्नाला अर्थ राहिलेला नाही. त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण पोरांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

फँटसी टीम, व्हॉट्सॲप ग्रुप आणि 'राज्याचं लायसन'

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ३४वी नोंद आहे : पैज आणि जुगार. म्हणजे या विषयावर कायदा करणं हा मुळात राज्याचा अधिकार. आपल्याकडे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे तो १८८७ सालचा. त्याच्या १३व्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. फँटसी क्रिकेट म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून मोबाईलवर आपली टीम लावायची आणि त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे. याच सुटीच्या आधारावर त्याच्या कंपन्या वर्षानुवर्षं चालल्या. अकरा खेळाडू निवडणं हे अभ्यासाचं काम आहे, नशिबाचं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मान्यही केला.

लायसनच्या बाबतीत मात्र राज्याराज्यांत फरक होता. सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन खेळांसाठी परवान्याचा कायदा केला. नागालँडने २०१५ च्या कायद्याने कौशल्याच्या ऑनलाइन खेळांना परवाने द्यायची सोय केली. शेजारच्या तेलंगणाने २०१७ मध्ये उलट पाऊल उचललं आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंदच केलं. सिरोंचा, राजुरा, पांढरकवडा भागातल्या लोकांना आठवत असेल, नदी किंवा सीमा ओलांडली की तीच ॲपं चालेनाशी व्हायची. महाराष्ट्राने फँटसी खेळासाठी परवाना देणारी यंत्रणा कधी उभीच केली नाही. त्यामुळे 'महाराष्ट्र शासनाचं फँटसी लायसन काढून देतो' म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा एजंटांनी दिलेल्या फाइलमध्ये उद्यम नोंदणीचा कागद, शॉप ॲक्टचा दाखला आणि जीएसटी नंबर असतो. हे तिन्ही कागद खरे असू शकतात, पण ते धंद्याची नोंद सांगतात. पैशाचा खेळ चालवायची मुभा त्यातला एकही कागद देत नाही.

मग आला २०२५ चा केंद्राचा कायदा, ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला. पैसे भरून, जिंकून पैसे किंवा मोलाची वस्तू मिळवण्याच्या आशेने खेळला जाणारा कुठलाही ऑनलाइन खेळ त्याच्या व्याख्येत 'ऑनलाइन मनी गेम' आहे आणि तो चालवायला मनाई आहे. ड्रीम११ सारख्या मोठ्या कंपनीने त्याच आठवड्यात पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचं तिचं नावही गेलं. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर गावातल्या मंडळाने पाऊल टाकणं शहाणपणाचं नाही.

शिक्षा काय आहे ते मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशाची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही ३ वर्षं आणि १ कोटीपर्यंतची तरतूद. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. चालवणारा, जाहिरात करणारा आणि पैसे फिरवणारा हे तिघे त्यात येतात.

आता हे गावाच्या पातळीवर आणून पाहू. आयपीएलच्या दिवसांत बऱ्याच गावांत असं चालतं : व्हॉट्सॲपवर एक ग्रुप, अ‍ॅडमिनचा फोनपे नंबर, प्रत्येकाने पन्नास रुपये टाकायचे, फुकटच्या ॲपवर टीम लावायची, रात्री ज्याचे पॉइंट जास्त त्याला जमा रक्कम, त्यातून अ‍ॅडमिनचा थोडा कट. पोरांना वाटतं, ही तर मित्रामित्रांतली गंमत. पण पैसे जमा करणारा एक, वाटणारा तोच आणि कट घेणाराही तोच, म्हणजे तो चालवणारा झाला. नवा कायदा बाजूला ठेवला तरी १८८७ च्या कायद्यात जुगाराची नोंद ठेवलेला कागदसुद्धा 'जुगाराचं साहित्य' धरला जातो. सट्टापट्टीची वही जशी जप्त होते तसा मोबाईलही होऊ शकतो. शिवाय टोळीने बेकायदा सट्टा चालवला तर भारतीय न्याय संहितेचं ११२वं कलम आहे, त्यात १ ते ७ वर्षांची कैद आहे.

दुसरं नुकसान जास्त लवकर होतं. अशा व्यवहारांची तक्रार गेली आणि सायबर पोलिसांनी खातं गोठवायला सांगितलं, तर बँक अख्खं खातं अडवते. त्याच खात्यात धानाचा बोनस, पीक विम्याची रक्कम, बापाच्या कापसाचा चुकारा येत असतो. ऐन हंगामात ते पैसे अडकले की घरात काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

फँटसीची हौसच असेल तर पैसे पूर्ण काढून टाका. फुकट टीम लावा, गुण मोजा आणि शेवटी एखाद्या दुकानदाराने आपल्या खिशातून दिलेली बॅट पहिल्या नंबराला द्या. कुणाकडूनही रुपया घ्यायचा नाही, 'ग्रुप चालवायचा खर्च' म्हणूनही नाही. आणि फ्लेक्सवर आयपीएलचं नाव, बोधचिन्ह किंवा संघांचे लोगो छापू नका, ते नोंदणीकृत आहेत. 'क्रिकेट अंदाज स्पर्धा' एवढं पुरतं.

कूपन आणि लकी ड्रॉ

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण हेतू चांगला असतो. मंदिर बांधायचं असतं, वाचनालयाला पत्रे टाकायचे असतात. शंभर रुपयांचं कूपन गावोगाव विकलं जातं आणि सोडतीत मोटारसायकल, फ्रिज, शिलाई मशीन ठेवलं जातं. तीन प्रश्न लावा : पैसे घेतले, बक्षीस आहे, निकाल चिठ्ठीवर. ही लॉटरी आहे. महाराष्ट्रात लॉटरीवर नियंत्रण ठेवणारा आणि बक्षीस स्पर्धांवर कर लावणारा १९५८ चा कायदा आहे आणि त्याच्या चौकटीबाहेरची प्रत्येक लॉटरी बेकायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९७व्या कलमात तर अनधिकृत लॉटरी काढण्यासाठी जागा चालवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद आहे आणि तिची जाहिरात छापणाऱ्याला ५ हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे कूपन छापून देणारा प्रेसवालाही सुटत नाही. सरकारी लॉटरी हा वेगळा विषय. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकार स्वतः चालवतं. तिच्याकडे बोट दाखवून 'मग आम्ही का नाही' असं ठाण्यात म्हणता येत नाही.

१९५८ च्या कायद्यात आनंदमेळाव्यासारख्या कार्यक्रमाच्या जोडीने होणाऱ्या छोट्या सोडतींना अटींसह थोडी सूट आहे. ती गृहीत धरून गावोगाव कूपन विकायला निघू नका. त्या वाटेने जायचंच असेल तर कार्यक्रमाचं स्वरूप, कूपनची किंमत, बक्षिसांची यादी आणि जमा रकमेचा उपयोग लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत एकही कूपन छापू नका. टेबलावरचा बाबू "करा जी, काही होत नाही" म्हणाला तर ती परवानगी नव्हे.

त्याहून सोपी आणि सरळ वाट अशी. वर्गणी वेगळी घ्या, सोडत वेगळी ठेवा आणि दोघांचा संबंध पूर्ण तोडा. वर्गणीची पावती फक्त वर्गणीची. सोडतीची चिठ्ठी कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला दारात फुकट द्या, वर्गणी दिलेली असो वा नसो. बक्षिसं दात्यांकडून घ्या. वर्गणी देणाऱ्याला दोन चिठ्ठ्या आणि बाकीच्यांना एक, असं केलं की ती पुन्हा पैशाची सोडत झाली. झाडीपट्टीत नाटकाच्या तिकीट नंबरावर सोडत काढायची कल्पना कुणी मांडली तर तिथेही हाच पेच आहे, कारण तिकिटाला पैसे पडलेत.

आणखी एक प्रकार गावात मुरलेला आहे. एखादा फर्निचरवाला किंवा मोबाईलवाला महिन्याची योजना काढतो : दरमहा पाचशे रुपये, दर महिन्याला एक सोडत, ज्याचा नंबर लागला त्याला वस्तू आणि पुढचे हप्ते माफ. ही प्राइज चिट आहे आणि १९७८ च्या केंद्रीय कायद्याने तिच्यावर बंदी आहे, ३ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. बचत गटाच्या बायकांना अशा योजनेत एजंट म्हणून ओढलं जातं. हप्ते गोळा करणाऱ्या ताईंनी हे नीट समजून घ्यावं, कारण दुकानदार गाव सोडून गेला की लोक त्यांच्याच दारात येतात.

दुकानदारांनी सणासुदीला ग्राहकांसाठी सोडत ठेवायची असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचून घ्यावा. विक्री वाढवण्यासाठी ठेवलेली सोडत किंवा नशिबाची स्पर्धा, तसंच योजनेचा निकाल ग्राहकांपासून दडवून ठेवणं, हे त्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बक्षिसाची किंमत मालाच्या दरात चढवून 'फुकट' म्हणणंही त्यात आलं. सरळ सवलत द्या, ती सगळ्यांत सुरक्षित.

शब्दकोडी आणि सामान्य ज्ञान परीक्षा

स्थानिक साप्ताहिकं आणि शिकवणी वर्ग अशा स्पर्धा ठेवतात. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवायच्या कोड्यांवर बक्षीस देण्यासाठी १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा आहे. महिन्याला एकूण बक्षीस १ हजार रुपयांच्या वर नको, प्रवेशिका २ हजारांच्या वर नकोत आणि त्या मर्यादेतही परवाना हवा, असं तो सांगतो.

पण त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात नेमका करून ठेवला आहे. हा कायदा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांना लागू आहे. जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे त्या स्पर्धांना नाही. फरक कसा ओळखायचा ते पाहा. 'विदर्भातला एक जिल्हा, तीन अक्षरी, शेवटचं अक्षर ला' याचं उत्तर अकोला. ज्याला ठाऊक आहे तो जिंकेल. पण 'थंडीत हवीहवीशी वाटते' असं देऊन गादी, रजई, शेकोटी यांतलं काहीही चालेल अशी मोकळीक ठेवायची आणि संपादकाच्या बंद पाकिटातल्या शब्दाशी ज्याचा शब्द जुळेल त्याला बक्षीस द्यायचं, तर तिथे डोकं चालवून उपयोग नाही, तो अंदाजाचा डाव झाला. प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असू द्या, उत्तरं तपासून निकाल लावा आणि बरोबर उत्तरं जास्त आली तर सोडत काढण्याऐवजी दुसरी फेरी घ्या. निबंध, चित्रकला, रांगोळी, भजन, तान्हा पोळ्याला लाकडी नंदी सजवण्याची स्पर्धा, या सगळ्या कसबाच्या. त्यांना जुगाराच्या कायद्याची भीती नाही आणि परीक्षकांचं गुणपत्रक जपून ठेवलं की कुणी बोटही ठेवू शकत नाही.

मैदानावरची स्पर्धा : पायरीपायरीने

क्रिकेट आणि कबड्डी खेळणारा स्वतः घाम गाळून जिंकतो, त्यामुळे संघाकडून प्रवेश फी घेणं हा जुगार नाही. तरी बक्षिसाची रक्कम प्रवेश फीतून काढू नका असं मी प्रत्येक मंडळाला सांगतो. बक्षीस दात्याचं, 'स्मृतिप्रीत्यर्थ' म्हणून आपल्याकडे देणारे असतातच. प्रवेश फी मैदान, चेंडू, पंच, लाइट आणि पाण्याच्या खर्चाला. हिशोबाच्या वहीत ही दोन पानं वेगळी ठेवली की कुणी तक्रार केली तरी दाखवायला जागा राहते.

पहिली पायरी जागेची. गावठाणातलं मैदान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नाहरकत. जिल्हा परिषद शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती. अमरावती विभागात ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या जागेवर सामने भरतात, तिथे तहसीलदारांकडे अर्ज करा. पूर्व विदर्भात सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलेलं असेल तर सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमीनच धरल्या आहेत. वन विभागाला विचारल्याशिवाय तिथे पिच खोदू नका.

दुसरी पायरी पोलीस ठाण्याची. ठाणेदार साहेबांच्या नावाने अर्ज, स्पर्धेच्या किमान पंधरा दिवस आधी. पोलीस पाटलांना आधी सांगा, अर्जावर त्यांची सही असली की ठाण्यात काम हलकं होतं. अर्ज असा लिहा :

"प्रति, मा. ठाणेदार साहेब, पोलीस स्टेशन (गाव). विषय : टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेसाठी परवानगी व ध्वनिक्षेपकाबाबत. महोदय, आमच्या मंडळातर्फे दिनांक ... ते ... या काळात मौजा ... येथे स्पर्धा घेण्याचे ठरविले आहे. सहभागी संघ अंदाजे ... , वेळ सकाळी ... ते सायंकाळी ... . बक्षिसे देणगीदारांकडून असून यादी सोबत जोडली आहे. स्पर्धेच्या ठिकाणी कोणत्याही प्रकारचा सट्टा, जुगार अथवा कूपन विक्री होणार नाही याची जबाबदारी खाली सही करणाऱ्यांची राहील. सोबत : ग्रामपंचायत ठराव, जागेची संमती, आयोजकांची नावे व मोबाईल क्रमांक."

सट्ट्याबद्दलची ओळ गाळू नका. बाहेरून येणारे बुकी गावातल्या सामन्यावरही आकडे लावतात. तुम्ही आधीच लिहून दिलं असेल आणि मैदानावर माईकवरून दोनदा जाहीर केलं असेल, तर पुढे काही घडलं तरी मंडळाची बाजू कागदावर असते. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का नसलेली प्रत म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा.

तिसरी पायरी आवाज आणि विजेची. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांचा भाग आहे. सणांसाठी वर्षात ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण ते दिवस प्रशासन जाहीर करतं, आपण ठरवायचे नसतात. रात्रीची कबड्डी ठेवलीत तर दहानंतर शिट्टी आणि टाळ्यांवर काम चालवा. लाइटसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. तारेवर आकडा टाकून हॅलोजन लावणं ही वीजचोरी आहे, आणि दवाच्या रात्री ओल्या गवतावर पोरं खेळत असताना तो जिवाशी खेळ आहे.

चौथी पायरी पैशाची. मंडळ नोंदणीकृत नसेल आणि गणेशोत्सव किंवा शारदोत्सवासाठी वर्गणी काढत असाल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या ४१ सी कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्या. पावती पुस्तकावर क्रमांक छापलेले असावेत, स्थळप्रत पुस्तकातच राहावी, आणि पैसे अध्यक्ष-सचिवांच्या जोड खात्यात जावेत. एका पोराच्या खाजगी क्यूआरवर सगळी रक्कम घेणं बंद करा. भांडणं तिथूनच सुरू होतात.

पाचवी पायरी प्रायोजकाची. 'जर्सी आम्ही देतो, फक्त आमच्या ॲपचं नाव छापा' असा फोन आला तर आधी ते ॲप काय आहे ते पाहा. पैशाच्या खेळाचं असेल तर नाही म्हणा. वर दिलेली ५० लाखांची तरतूद जाहिरातीसाठीच आहे आणि त्यात जर्सी, फ्लेक्स, यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणाखालची लिंक हे सगळं येऊ शकतं. गावातलं खत-बियाण्याचं दुकान, जिनिंगवाला, ट्रॅक्टरचा डीलर यांच्याकडे जा. रक्कम थोडी कमी मिळेल, पण झोप लागेल.

सहावी पायरी नियमपत्रकाची. एक पानी पत्रक काढा आणि प्रत्येक कर्णधाराची सही घ्या. त्यात संघात बाहेरगावचे किती खेळाडू चालतील, पंचाचा निर्णय अंतिम, प्रवेश फी परत केव्हा मिळेल, पाऊस आला तर काय, हे लिहा. अंतिम सामना झालाच नाही तर बक्षीस दोन्ही संघांत वाटून द्यायचं, चिठ्ठी टाकून ठरवायचं नाही, हे ठळक लिहा. कसबाच्या स्पर्धेत शेवटी चिठ्ठी आली की सगळी मेहनत पाण्यात.

शंकरपट आणि कोंबडबाजार

शंकरपटाला पोलिसांची परवानगी पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची लागते. २०१४ च्या बंदीनंतर राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर मुभा दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो बदल कायम ठेवला. म्हणून आज पट भरतो तो नियमांच्या जोरावर. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून बैलांची तपासणी करून घ्या आणि तुतारी (बैलाला टोचायची अणकुचीदार काठी), काठी, चाबूक मैदानात येऊच देऊ नका. एका आयोजकाने नियम मोडला तर ओरड सगळ्या जिल्ह्याच्या पटावर होते, आणि जे इतक्या वर्षांच्या लढाईनंतर परत मिळालं ते पुन्हा हातचं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. बैलजोडीवर पैज लावणं मात्र पटातही जुगारच.

कोंबडबाजाराला, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीला, परवानगी नाही. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पैसे लावणं जुगाराच्या कायद्याने. 'परंपरा आहे' हे उत्तर धाडीच्या वेळी चालत नाही.

बक्षीस देताना कर

फुकट सोडतीतही हा मुद्दा येतो. सोडतीतलं बक्षीस १० हजार रुपयांच्या वर असेल तर त्यावर ३० टक्के आयकर आधी कापायचा आणि भरायचा, ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. वस्तू असेल तर कापणार कुठून? म्हणून कायदा म्हणतो, कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. ९० हजारांची मोटारसायकल असेल तर २७ हजार कर. शेतमजुराच्या घरात ती लागली तर एवढे पैसे तो आणणार कुठून, हा विचार बक्षीस ठरवताना करा. कर कापून भरण्यासाठी मंडळाकडे आयकर खात्याचा टॅन क्रमांक लागतो, तोही बऱ्याच जणांकडे नसतो. मी तर सुचवतो की सोडतीत मोठं एकच बक्षीस ठेवण्यापेक्षा १० हजारांच्या आतली अनेक बक्षिसं ठेवा : फवारणी पंप, सायकल, शिलाई मशीन. जास्त घरं खूश होतात आणि कराचा गुंता उरत नाही. त्याहून मोठं काही करायचं असेल तर तालुक्यातल्या सीएला आधी विचारा.

स्पर्धा संपल्यानंतर

बक्षीस शक्यतो चेकने किंवा खात्यावर द्या. रोख दिली तर पावतीवर सही, आधारची झेरॉक्स आणि दोन साक्षीदार घ्या. आठवड्याच्या आत जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा : देणगीदारांची नावं, प्रवेश फीची एकूण रक्कम, खर्चाची बिलं, शिल्लक. हिशोबाची वही, परवानग्यांच्या शिक्का मारलेल्या प्रती, नियमपत्रकं, गुणपत्रकं आणि फ्लेक्सचा फोटो एका फाइलमध्ये बांधून सचिवाच्या घरी ठेवा. पदाधिकारी बदलले की ही फाइल नव्या सचिवाकडे सही घेऊन सोपवा. पुढच्या वर्षी ठाण्यात अर्ज देताना मागच्या वर्षीची परवानगी सोबत जोडली की ठाणेदार बदललेले असले तरी काम अडत नाही.